कोरू नये

लामूहून होडीने दोन तास, तेही भरती असेल तर.
ओहोटीला तिवरांच्या चिखलात उतरून ढकलावी लागते होडी,
आणि पाहुणे बूट हातात धरून हसतात.
किंवा हसत नाहीत.

तिकीटघर म्हणजे ही माझी खुर्ची.
पावतीपुस्तक, पाण्याचा डबा
आणि पत्र्याची पाटी: भिंतींवर काही कोरू नये. दंड होईल.
अक्षर माझंच. 'दंड' तेवढा खाऱ्या वाऱ्याने पुसट झालाय.

या, सावलीसावलीने चला.
ही मशीद. छप्पर गेलं, मिहराब आहे.
या कोनाड्यांत चिनी बशा बसवलेल्या होत्या.
बशा कोणी कोणी नेल्या, गोल खळगे राहिले,
लोक आता खळग्यांचे फोटो काढतात.
ही विहीर. पाणी अजून गोडं,
म्वानाकोंबोच्या शेळ्यांना विचारा.
आणि ही घरं, प्रवाळाच्या दगडाची.
समुद्राची हाडं, म्हणायचा माझा बाप,
तीच भाजून चुना, त्याच चुन्याचा गिलावा.

आता खाली वाका.
इथे, दाराच्या आतल्या अंगाला, गुडघ्याइतक्या उंचीवर.
ऊन तिरपं झाल्याशिवाय दिसत नाही,
म्हणून साडेचारपर्यंत थांबवलं तुम्हाला.

गलबत.
एक डोलकाठी, चटईचं चौकोनी शीड,
सुकाणू जरा जास्तच मोठं.
आणि फळ्यांच्या सांध्यावर या बारीक बारीक आडव्या रेघा?
ती शिवण.
पोतं शिवावं तशी काथ्याने शिवायचे तेव्हा होडी,
लोखंडाचा तुकडा नाही अख्ख्या अंगात.
चित्र मात्र खिळ्याने काढलंय.

नैरोबीच्या बाई मोजपट्टी लावून लिहून घेऊन गेल्या:
पाचशे वर्षं, बहुधा जास्त. काढणारा अज्ञात.
त्यांनी गलबताची लांबी मोजली,
मी जमिनीपासूनची उंची मोजतो.
मोठा माणूस एवढं वाकेल कशाला?
हे पोर आहे.
बाप कुसी वाऱ्यावर उत्तरेला गेलेला,
कास्काझी सुटून महिना झाला, परतणारे परतले,
आणि हे दाराशी बसलंय.
गिलावा खराब केला म्हणून
आईने पाठीत धपाटाही घातला असणार.

गेल्या डिसेंबरात शाळेची सहल आली.
बाकारी नावाचा मुलगा, नऊ वर्षांचा,
पलीकडच्या खोलीत सापडला मला, हातात खिळा.
फायबरची होडी काढली होती,
मागे इंजिन, इंजिनावर चाळीसचा आकडासुद्धा.
मनगट धरलं मी. मास्तर ओशाळले.
पावतीपुस्तक उघडलं.
नाव?
बापाचं नाव?

ते नाव लिहिता येईना.
ती होडी आम्ही सगळ्यांनीच शोधली होती,
ऑगस्टात, नऊ दिवस,
डिझेल संपेपर्यंत.

पावती फाडली. नियम आहे.
पैसे कोणी भरले ते पावतीवर लिहायची जागा नसते.

मग लामूच्या कचेरीतून पत्र:
नवीन ओरखडे चुन्याने ताबडतोब बुजवावेत.
भिजवलाय ना चुना. ती बघा बादली.
चुना जितका मुरेल तितका चांगला,
कोणत्याही गवंड्याला विचारा.
सात महिने झाले, आणखी मुरतोय.

ती खोली?
ती दाखवत नाही मी.
तिच्यात ऊन येतं सकाळचं,
आणि पाहुण्यांची पहिली होडी लागते दहाला.
बाकारी येतो कधी कधी, आठच्या आत.
शेळी हरवली, म्हणतो.
त्यांच्याकडे शेळी नाही.

चला, बूट काढा आता.
पाणी ओसरायला लागलंय.