तीन पांढरे, एक तांबडा

आकाइती,
काल रात्री पुन्हा उसवलंस ना?
तुझ्या पडवीतला दिवा बारापर्यंत जळत होता
आणि आज तुझ्या बोटांच्या टोकांवर
सुईने गोंदलेले लाल ठिपके.

उसव. नको कोण म्हणतंय?
माझी पहिली गोधडी मी इतक्यांदा उसवली
की कापडाची चाळण झाली,
आणि मेरेआना म्हणाली, आता हिने मासे धर.
ती अजून तशीच बोलते. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.
तिचेही टाके चिखलातून कोंबडी गेल्यासारखे होते
सुरुवातीची सात वर्षं.

आतिउला जहाज महिन्याने येतं,
कधी दोन महिन्यांनी.
हिरवा दोरा संपला तेव्हा आम्ही
पिठाच्या पोत्याची शिवण ओढून काढली
आणि तोच रंगवला.
ती तिवाएवाए तुंगानेच्या लग्नात दिली.
दोन धुण्यांत हिरव्याचा पिवळा.
तुंगाने म्हणाली, असू दे, पानं पिकली.

मंगळवारी चर्चच्या पत्र्याखाली
आपण अकराजणी चटईवर,
मांडीवर टपालाच्या तिकिटाएवढे चौकोन,
आणि मधोमध वेरेआरा, डोळे मिटून
(मिटले काय, उघडे काय, तिला आता सारखंच)
रांग सांगते:
तीन पांढरे, एक तांबडा,
दोन हिरवे, एक तांबडा.
आपण ओवत जातो.
नक्षी कागदावर कुठेच नाही.
तिला तिच्या आईने सांगितली,
आईला कुणी, ते विचारायचं राहून गेलं.

गेल्या मंगळवारी सत्ताविसाव्या रांगेला
ती थांबली.
दोन हिरवे, म्हणाली. दोन हिरवे.
मग नुसते ओठ हलले.
बाहेर कुणाची तरी स्कूटर आली आणि गेली.
मेरेआनासुद्धा गप्प, म्हणजे बघ.
मी सुईच्या नेढ्याकडे बघत बसले.
बत्तीस वर्षं ऐकत आलेय ही नक्षी,
आणि मला पुढचा रंग आठवेना.

तू म्हणालीस, हळूच, हात न थांबवता:
एक तांबडा, आजी. मग पाच पांढरे.

तू!
ऑकलंडच्या विमानतळावर
वीस वर्षं विमानांच्या वेळा पुकारलेली,
जिचा टाका अजून कापडाबाहेर पळतो,
जी दर मंगळवारी म्हणते, मी नुसती बघायला आलेय.
वेरेआराने तोंड तुझ्या आवाजाकडे वळवलं,
बोळकं पसरून हसली.
मग एक रंग ती, एक रंग तू,
अशा सुटलात दोघी
की आम्ही ओवताना मागे पडलो.

म्हणून सांगते, आज उसवू नकोस.
वेळही नाही, हेही खरंच.
शनिवारी न्गारिमाच्या पोराचे केस कापायचे,
नऊ वर्षं वाढवलेले, बटाबटांना फिती बांधलेले.
खुर्चीवर आपली तिवाएवाए, तिच्यावर तो.
माणसं एकेक बट कापतील, नोटा टाचतील,
गोधडीकडे बघतील जेवणाआधी पाच मिनिटं.
मग ती त्याच्याबरोबर परदेशी जाईल,
पेटीत, उन्हाशिवाय,
किंवा पलंगावर, कुत्र्यासकट. कुणास ठाऊक.

माझी सगळ्यांत चांगली, जास्वंदीची,
बहिणीबरोबर खाली गेली.
शिवायला चौदा महिने.
माती लोटायला किती वेळ लागतो?
त्या दिवशी रडले ती बहिणीसाठी.
गोधडीसाठी नाहीच रडले,
असं मात्र म्हणणार नाही.
दुसऱ्या सकाळी दारात वेरेआरा,
पिशवीत कापड, तोंडातून शब्द नाही.
जास्वंदीचंच लाल.

तेव्हा ये.
तुझे चौकोन मी बोटाने ओळखते,
गाठ बाहेर राहते तुझी, वाटाण्याएवढी.
राहू दे.
येताना कॉफी आण, मेरेआनाची पांचट असते.
आणि सत्ताविसाव्या रांगेपासून पुढचं
मला एकदा म्हणून दाखव,
वाटेत, चालता चालता,
वेरेआराला कळू न देता.