सह्य मर्यादेत

खोक्यावरचं प्लास्टिक मी नखानं ओरबाडलं नाही,
कात्रीनं कापलं.
वीस हजार नऊशे नव्याण्णव रुपयांच्या वस्तूला
एवढा तरी मान.

दुसऱ्या रात्री फोंड्यात वीज गेली
तेव्हा काळ्या पडद्यावर तो दिसला :
डावीकडे, वरून दोन बोटांवर
एक हिरवा ठिपका.
पुसला. ओढणीनं, मग चष्म्याच्या फडक्यानं.
बंद करून चालू केला.
तो तिथंच,
टाकळ्याच्या पानावरल्या काजव्यासारखा,
फक्त न मिचकता.

एकदा दिसलं की सगळंच दिसू लागतं.
आवाजाचं बटण किंचित हलतं,
कानाशी धरून हलवलं तर
डब्यात राहिलेल्या एकाच साबुदाण्यासारखं वाजतं.
खालच्या कोपऱ्यात काच आणि कड यांच्यात
नख अडकतं. फार नाही,
पीठ मळल्यावर नखात राहतं
तेवढं पीठ मावेल.

आई म्हणाली, लागतो ना फोन?
मग?

तिला कसं सांगू.
कुंडईच्या कारखान्यात मी आठ तास
काचेच्या कुप्या दिव्यासमोर धरते.
काळ्या पाठीवर पाच सेकंद, पांढऱ्यावर पाच, पुढची.
बुडबुडा, तंतू, ओरखडा, केस.
अकरा वर्षं.
डोळ्यांना आता रजा घेता येत नाही.
सुकडकरांच्या लग्नात पंगतीत बसल्या बसल्या
मी पाण्याचा ग्लास उजेडात धरला
आणि वाढणारा पोरगा ओशाळला.

शनिवारी पणजी. कदंबाच्या बसमध्ये
मांडीवर खोकं, खोक्यात फोन, फोनखाली बिल.
दुसरा मजला, टोकन त्रेचाळीस.
माझ्या आधी चिंबलचा एक म्हातारा,
त्याचा फोन मानशीच्या पाण्यात पडलेला,
आतून अजून चिखलाचा वास येत होता.
होणार नाही, असं त्याला सांगितलं.
त्यानं तो रुमालात नीट गुंडाळला,
देव बरें करूं म्हणाला
आणि जिना उतरून गेला.

त्याच्यानंतर मी.
माझा ठिपका घेऊन.
मला जरा लाजच वाटली,
पण टोकन परत केलं नाही.

काउंटरवरल्या मुलाच्या छातीवर नाव : ॲश्टन.
खंय, म्हणाला.
मी दोन्ही तळव्यांनी पडद्यावर अंधार केला
आणि त्या अंधारात आम्ही दोघं वाकलो,
विहिरीत पडलेली घागर बघतात तसे.
हां. आसा.

पट्टी घेऊन त्यानं फट मोजली,
बटण हलवलं, छापील कागद काढला.
ठिपके तीनपर्यंत : सह्य मर्यादेत.
फट : सह्य मर्यादेत.
बटण सगळ्यांचेंच हालता, मॅडम.

हे शब्द माझे आहेत.
निळ्या शाईनं, वेळ घालून, खाली सही करून
मी ते रोज लिहिते.
कोणाला सह्य,
हे त्या रकान्यात विचारलेलं नसतं.

म्हटलं, बदलून नको देऊ.
पण दिसला, असं लिही.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे,
मग कागदाच्या मागल्या बाजूला
एक लांबट चौकोन काढला
आणि त्यात, डावीकडे, वरून दोन बोटांवर,
पेनाचं टोक टेकवलं.
दोघांनी सही केली.

आता त्या फोनवर आई
सावंतवाडीच्या मावशीशी तासभर बोलते,
मधेच थांबून विचारते,
हे आत काय गं वाजतं?
साबुदाणा, मी म्हणते.

सोमवारी पहिल्याच ट्रेमध्ये
एका कुपीच्या बुडाशी बुडबुडा होता,
मोहरीच्या अर्ध्याहून लहान.
पाच सेकंद झाले.
सहा.
सात.
मागून सुपरवायझर शिल्पा म्हणाली, काय गं, काही आहे?

आहे, मी म्हटलं.
मर्यादेच्या आत आहे.
आणि तरी ती लगेच
खाली ठेववेना.