फिजिक्समध्ये अडतीस

लातुरात मार्क लपत नाहीत.
किराणावाला साखर मोजता मोजता विचारतो, किती पडले,
आणि तागडी तशीच धरून ठेवतो
उत्तर येईपर्यंत.

फिजिक्स अडतीस. केमिस्ट्री एकेचाळीस.
बायोलॉजी बावन्न, तेही आकृत्यांवर निभावलं.
बापानं ही मार्कशीटसुद्धा लॅमिनेट करून आणली,
जणू मेरिटची.

आई क्लासच्या पोरांचे डबे करायची,
बत्तीस सकाळी, बत्तीस रात्री.
कणीक तिंबताना मी वायूंचे नियम पाठ करायचे
आणि कुकरची शिट्टी झाली की विसरायचे.
शिट्टी का होते, ते त्याच पानावर होतं.
कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
डबे होते.

त्या बत्तिसांतले नऊ डॉक्टर झाले.
एक परवा ओटीत भेटला.
मास्कच्या वरचे डोळे ओळखीचे वाटले,
एक पोळी जास्त टाका म्हणणारे.
मी नुसतं हातमोजे पुढं केले.

अकरा वर्षं टेबलाच्या डोक्याशी उभी आहे.
काझी मॅडम औषध भरतात, मी हात धरते.
मॅडम म्हणायच्या, दहापासून उलटे मोजा.
उदगीरकडची एक म्हातारी म्हणाली,
बाई, मला सुलटेच येत न्हाईत.
तेव्हापासून मी विचारते,
मावशी, एसटीतून उतरल्यावर तुमच्या घरी कसं यायचं?
फाट्यावर उतरायचं, सांगतात,
गिरणीवरून डाव्या हाताला,
मग दर्ग्याची भिंत, मग हापसा,
मग

हापशाच्या पुढं कुणी गेलेलं नाही.
अकरा वर्षांत एकही माणूस
माझ्यादेखत घरी पोचला नाही.
तिथून पुढं त्यांचा श्वास आमच्याकडं असतो,
उसना.

मॅडम म्हणाल्या, अयोध्या, फॉर्म भर.
भूल आणि अतिदक्षता, दोन वर्षं, जागा सहा.
मी म्हटलं, कामून चेष्टा करता गरिबाची.
त्यांनी फॉर्मची फी भरली आणि पावती
माझ्या एप्रनच्या खिशात कोंबली.
चार महिने, नाइट ड्युटीत,
भाच्याचं अकरावीचं पुस्तक.
भाचा विचारायचा, मावशी, परत नापास झालीस का?

नांदेडला तीन खुर्च्या होत्या.
मधल्या सरांनी मार्कशीट खिडकीकडं धरली,
लॅमिनेशन चकाकत होतं म्हणून.
सिस्टर, आमच्याकडं सगळा वायूंचा हिशेब.
बॉइलचा नियम सांगा.

मी म्हटलं, सर, एका रात्री लाइट गेली,
जनरेटरला डिझेल नव्हतं,
औशाची एक पोरगी नळीवर होती.
पन्नास मिनिटं पिशवी दाबली मी.
दाबली की हवा आकसून आत जाते,
सोडली की पसरून येते.
तिसाव्या मिनिटाला अंगठ्याला कळतं
फुप्फुस कडक आहे का मऊ.

खोलीत पंखा तेवढा बोलत होता.
चांगलंय, सर म्हणाले. आता सूत्र लिहा.

लिहिलं. स्थिरांक विसरले.
कागद देता देता आठवला, परत घेतला, टाकला.
पोरगीचं पुढं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही.
जगली. तिच्या बापानं वॉर्डात सगळ्यांना पेढे वाटले,
झाडूवाल्या मामांना दोन.

यादीत सहावं नाव. आयोद्या सोनकांबळे.
दोन चुका, तरी मीच.
सातव्या नावाची मुलगी माझ्या शेजारीच उभी होती,
बोट भिंतीवर ठेवून.
तिला काय म्हणावं ते सुचलं नाही,
पाण्याची बाटली दिली.

काल पुस्तकं आली.
पहिला धडा, वायूंचे नियम.
ओट्याशी पाटावर बसून वाचत होते.
आई आता सातच डबे करते.
आतून ओरडली, अगं, तीन झाल्या का शिट्ट्या?

मोजल्याच नव्हत्या.