तीन वेळा लुकलुक

रात्री अडीचला घरातला एक आवाज कमी झाला
आणि त्यानेच मला जाग आली.

थर्मोस्टॅटवर एकोणसाठ. मग अठ्ठावन्न.
आकडे उतरत होते म्हाताऱ्या माणसासारखे,
कठड्याला धरून, घाई न करता.
टिल्डाला दोन टोप्या घातल्या, माझ्या पांघरुणात ढकललं.
"आज शाळा नाही ना?" ती झोपेतच, आशेने.
बाहेर डुलुथ, उणे सव्वीस,
सरोवरावरून येणारा वारा काच चाचपतोय.

घरमालक गुस्टाफसन यांना फोन.
"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."
माणूस एकटा राहतो. हे 'आम्ही' कोण?
दोन तारखेला भाडं पोचलं नाही
तर माझा नंबर त्याला बरोबर सापडतो.

तळघर. दातांत टॉर्च.
फर्नेसचं झाकण काढलं तर आत इवलासा लाल दिवा,
तीनदा लुकलुक, विसावा.
तीनदा लुकलुक, विसावा.
झाकणाच्या आत तक्ता चिकटवलेला,
एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय,
आणि तीनच्या ओळीवर कुणीतरी कधीकाळी
कॉफीचा कप ठेवलेला.

फिल्टर ओढून काढला. राखाडी गोधडीच ती,
तिच्यात तांबूस केस, भरपूर.
मी कुत्रा कधी पाळला नाही.
म्हणजे पाच वर्षं आम्ही त्याच्यातून श्वास घेतोय.

फिल्टरशिवाय चालू केली.
घुरघुर. टिक टिक टिक. भप्पकन निळी ज्योत,
मी "आली!" म्हणेपर्यंत
विझली.
पुन्हा तेच. पुन्हा. मग मी झाकणाला लाथ घातली.

लाथेने वरचा नाही, खालचा मजला जागा झाला.
टोइवो कांगास, वय एक्क्याऐंशी,
अंगात झगा, पायात बर्फाचे बूट,
एकतीस वर्षं लोखंडाच्या धक्क्यावर काढलेली.
"बाहेरचा पाईप बघितलास?"
बघून आले. नाकातले केस ताठ झाले.
पाईपला बर्फाची दाढी होती, पण तोंड उघडं.
"मग ती आंधळी झालीय. बटण बंद कर आधी.
काम तू करायचं. माझे हात हल्ली माझं ऐकत नाहीत."

बर्नरजवळ बोटाएवढी एक कांडी, एका स्क्रूवर.
स्क्रू निसटला, घरंगळला,
आम्ही दोघं गुडघ्यांवर, तो फिनिश भाषेत शिव्या देत.
कांडीवर पांढरट साय, किटलीच्या बुडासारखी.
"ज्योत पेटते. हिला ती कळत नाही.
कळली नाही की गॅस बंद. बरंच आहे म्हणा,
नाहीतर आपण दोघं छपरावर असतो."

काथ्या नाही, पॉलिश पेपर नाही.
झग्याच्या खिशातून त्याने एक डॉलर काढला.
"घास याने. खरखरीत असतो."
मी घासला. या घरावर आजवर खर्चलेला
कामी आलेला पहिला डॉलर.

स्क्रू. झाकण. बटण.
घुरघुर. टिक टिक टिक. निळी.
टोइवो पुटपुटत मोजत होता, यक्सी, काक्सी, कोल्मे, नेल्या,
इथवर आम्ही आधीही आलो होतो,
मी भिंतीला हात लावून उभी,
वीसी.
कूसी.
आणि मोठा पंखा जागा झाला,
घशात कफ असल्यासारखा.

तो उलट्या बादलीवर बसून राहिला थोडा वेळ.
"हेल्वीलाही आवाज थांबला की जाग यायची.
मला नाही यायची. मला ती उठवायची."
डॉलर परत घेतला, काळा पट्टा बघितला,
घडी घालून खिशात.

वर जाण्याआधी मी पेन शोधलं,
कॉफीच्या डागावरच लिहिलं:
तीन म्हणजे कांडी घासा.
कुत्र्याचे केस आधी काढा.
मग लिहिलं: जमलं नाही तर खाली टोइवोला उठवा.
ते खोडलं.
टॉर्च पुन्हा दातांत धरली,
आणि खोडलेल्याच्या शेजारी तेच पुन्हा लिहिलं.