खिळ्यावरची पँट

मांडीला गळू झालं तेव्हा नेसली लुंगी.
गळू बरं झालं, लुंगी राहिली.
आता डाकही लुंगीतच वाटतो,
निळ्या चौकटीची, मोहाडीच्या बाजारातली,
पोरीची जुनी लेडीज सायकल घेऊन.
दांडीवरून टांग टाकता येत नाही ना बावा.

पोट्टे ओरडतात, "कवडूकाका, हवा सुटली!"
सुटू द्या.
मे महिन्यात तुमच्या जीन्सला विचारा
हवा म्हणजे काय.

हीच खोचून नहरात उतरतो, म्हैस धुतो,
हिच्याच ओट्यात आणतो मोहफुलं.
बायको म्हणते, "माहा परकर काय वाईट होता?"
हसते. मग सुपातले खडे वेचता वेचता,
"लुगड्यात मी रोवण्याले वाकत होती,
तवा कोनं हवा नाही मोजली."
यावर मला काही सुचलं नाही.

पोस्टात खिळ्यावर पँट टांगलेली असते,
साहेबांसाठी.
परवा जीप वाजली, घाईत पाय घातला
तर खिशात कुंभारीण माशीचं घर,
माती अजून ओली.
काढला पाय. टांगली परत.

साहेबांनी रजिस्टर मागितलं, उभ्यानंच दिलं.
काउंटरच्या वर जेवढा दिसतो
तेवढा पोस्टमन त्यांना पुरला.