कपाळपट्टी

तक्रार क्रमांक सातशे बारा.
ग्रिम्स्बी, मासळी-गोदीचं ऑफिस, दुसरा मजला.
'माझी पट्टी खाली पडली आहे,'
एवढंच लिहिलेलं.

गेले, तर डोरीन हॅक्सबी
ताठ बसलेली, पासपोर्टच्या फोटोला बसावं तशी.
खिडकीबाहेर बर्फाचे ट्रक, हॅडकचे खोके,
आणि काचेवर चोच आपटणारा एक सीगल.
रोज ती त्याच्यावर खेकसते
आणि रोज त्याला बिस्किट देते.

मानेत चार स्क्रू आणि एक पट्टी, ती म्हणाली.
ही खरी पट्टी. टायटॅनियमची.
हलच्या इस्पितळात बसवली त्याला नऊ वर्षं झाली.
तेव्हापासून मान खाली घालता येत नाही.

मराठीत हे वाक्य केवढं मोठं आहे
ते मी तिला सांगितलं नाही.

म्हणून नऊ वर्षं टास्कबार वर होता,
पडद्याच्या कपाळावर.
डावीकडून आधी लिलावाचे भाव,
मग भरती-ओहोटीचा तक्ता, मग हिशेब,
मग पत्ते, जे ती लपून खेळते असं तिला वाटतं.
चिन्हं बारकी, नावं नकोत,
घड्याळात सेकंद हवेतच.
एकेक टाचणी तिनं स्वतः टोचलेली.

शनिवारी रात्री नवी आवृत्ती आली
आणि सगळं तळाशी गेलं, मधोमध,
उशिरा आलेल्या वऱ्हाडासारखं
एकमेकांना खेटून.

मी उजवं बटण दाबलं, सेटिंग्ज उघडली.
डावीकडे की मध्ये, विचारतात.
लपवायची का, तेही विचारतात.
वर नेऊ का,
हा प्रश्नच काढून टाकलाय.
पूर्वी नुसतं कुलूप काढायचं,
माउसनं धरायची आणि ओढायची;
पोर उचलून दुसऱ्या कडेवर घ्यावं, इतकं सोपं.
रजिस्ट्रीत शिरले, एक आकडा बदलला,
यंत्र बंद केलं, चालू केलं.
पट्टी जागची हलेना.

'होत नाही,' मी म्हणाले.
सहा वर्षांत हे मी
निदान दहा तऱ्हांच्या नम्रपणानं म्हणायला शिकलेय.
त्यातला एकही त्या दिवशी आठवला नाही.

'न्याडा,' ती म्हणाली
(ज्ञानदामधला ज्ञ इथं कुणाला जमत नाही,
मीही आता आग्रह धरत नाही)
'माझा रॉन ट्रॉलरवर होता.
डेक कललं की चहाचा मग घसरायचा.
ते काही समुद्र सरळ करायला जात नसत.
मगाखाली पाचर मारायचे.'

कपाटात छपाईच्या कागदाची रिमं होती.
एक, दोन, तीन. चौथं अर्धं वापरलेलं.
पडदा उचलून त्यांवर ठेवला.
खालची कड तिच्या डोळ्यांसमोर आली;
वरचं टोक फळीवरच्या कुंडीशी बोलायला लागलं,
तिथं तसंही काही नसतं.
ती सांगत गेली, मी टोचत गेले:
भाव, भरती, हिशेब.
पत्ते मी न विचारताच लावले.

मग वायर आखूड पडली.
टेबलाखाली शिरले,
गुडघे टेकून, धुळीत, नऊ वर्षांच्या गुंत्यात.
आणि तिथूनच म्हणाले,
शनिवारी ते मीच पाठवलं होतं, डोरीन.
एका क्लिकमध्ये, दोनशे चाळीस यंत्रांवर.
कुणाची मान कशी आहे, विचारलं नव्हतं.

तिथूनच म्हणाले,
कारण तिला खाली बघता येत नाही.

वर बराच वेळ नुसते सेकंद.
मग: 'ठाऊक आहे.
सूचनेखाली तुझं नाव होतं.
कसलं ते स्पेलिंग.'

आणि टेबलाच्या कडेवरून एक हात
हवेत चाचपडत
खाली आला,
बिस्किट घेऊन.