काचेची पट्टी

भेग खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली होती,
तिरकी, दिवाणाच्या डोक्यापर्यंत.
मुलगा म्हणाला, पुट्टी आणतो, रविवारी संपवू.
तशी दोनदा संपवली होती.
दोन्ही वेळा ती नव्या रंगातून परत आली,
आपल्या हक्काच्या जागी.

शेवटी मागवाल्या कोंड्याल वहिनींनी नंबर दिला.
सायबण्णा गवंडी अक्कलकोट रोडवरून सायकलवर आला,
हँडलला ओळंबा, कॅरिअरला घमेलं,
खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं.
भिंतीकडे पाहिलं न पाहिलंसं केलं
आणि बाहेर गेला.

म्हटलं, भेग आत आहे.
"नाही अक्का, भेग अंगणात हाय.
आत तिचं नुसतं तोंड दिसतंय."

तांब्याभर पाणी मागितलं.
सोलापुरात, पाचव्या दिवशी नळ,
आणि हा म्हणतो नुसतं ओतायला!
मी अर्धाच दिला.
मोरीपाशी ओतलं त्यानं.
पाणी जरा घुटमळलं, मग वळलं थेट पायाकडे,
उधारी वसूल करायला निघाल्यागत.

"काळी माती. पाणी पिली की फुगती, मे महिन्यात आखडती.
तिच्यावर घर म्हणजे
झोपलेल्या म्हशीवर बसल्यासारखं.
म्हशीला काय बोलणार?"

दोन दिवस शहाबादी उचलत होतो.
खाली अकरा वर्षांच्या सांडपाण्याचा वास.
नळीचं एक टोक माझ्या हातात,
"पाणी थांबेल तिथं पेन्सिल मारा,"
दर चार फुटांना एक इंच उतार, भिंतीपासून लांब,
डोक्यावर बेचाळिसाचं ऊन.

भेगेसाठी मी वाळू चाळून ठेवलेली.
त्यानं खिशातून काच काढली,
बोटभर रुंद, कुठल्या तरी तसबिरीची असावी,
भेगेवर आडवी बसवली,
दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा,
गोळ्यात खिळ्यानं तारीख.
"फुटली तर फोन करा.
दिवाळीपर्यंत नाही फुटली, तर माझं काय काम?
कडा मोकळ्या करा, धूळ झाडा, पाणी पाजा, मग भरा.
सात दिवस ओली ठेवा. सातच्या सात."
मजुरीतला मात्र
एक रुपया सोडला नाही.

मग मी आणि काच.
भाकरी थापता थापता मान वळायची.
रस्त्यानं उसाचा ट्रक गेला की ताटं वाजायची,
मी आधी तिकडे बघायची.
मुलगा म्हणे, आई, तिला हळदकुंकू वाहा एकदा.
ऑगस्टात रात्रभर कोसळला.
टॉर्च घेऊन गेले:
काचेत माझंच डोकं,
पिंजारलेलं, पण अखंड.

दिवाळीला तरी मी फोन लावलाच.
सून म्हणाली, मामा इंडीला, विहिरीच्या कामावर.
मग मीच भरली.
ओबडधोबड झालीय,
दंडावरच्या देवीच्या व्रणासारखी.
सात दिवस पाणी मारलं,
त्यातले तीन शेजारून उसनं आणून.

काल मागच्या गल्लीतली रिझवाना आली,
तिच्या स्वयंपाकघरात भेग पडलीय,
गवंड्याचा नंबर हवाय.
मी चष्मा शोधला, वही काढली,
पान उलटता उलटता विचारलं,
तुझी मोरी कुठल्या अंगाला गं?